जुन्या घरातली आगीची तयारी : प्रकल्प नोंदी, सातारा, २०२४

१७ जानेवारी, बुधवार

आज शाळेला रजा टाकली. पहाटे तीनच्या सुमारास माजघरात अण्णांच्या पलंगाखाली गोधडी धुमसत होती. ज्वाळा नव्हती, नुसता धूर. संक्रांतीनंतर गारठा वाढला म्हणून हीटर लावला होता, तो एक्स्टेन्शन बोर्डावर. बोर्डाची लांबलचक वायर गुंडाळी करून पलंगाखाली सरकवलेली आणि तिच्यावर घडी करून ठेवलेली जुनी गोधडी.

आईंचे गुडघे दुखत होते म्हणून त्या उठून तेल चोळत बसल्या होत्या. त्यांना आधी केस जळल्यासारखा वास आला. त्यांनी हाक मारली, आम्ही दोघं माडीवरून धावत खाली आलो. माजघरातला दिवा धुक्यातून दिसावा तसा पिवळट दिसत होता. ह्यांनी मेन स्विच पाडला आणि मी कळशीभर पाणी गोधडीवर ओतलं. पाच मिनिटांत सगळं विझलं. अण्णा शेवटपर्यंत झोपलेले होते. कानातलं यंत्र रात्री काढून डबीत ठेवतात, त्यांना काहीच ऐकू गेलं नाही.

माझ्या डोक्यातून आग जात नाहीये, पण त्याहून जास्त बाहेरचा दरवाजा जात नाहीये. धूर बाहेर जावा म्हणून तो उघडायला गेलो तर आतून अडसर आणि वर कुलूप. किल्ल्यांचा जुडगा आईंच्या कमरेला असतो, पण झोपताना त्या तो उशीखाली ठेवतात, आणि उशी धुरात. किल्ली मिळून दार उघडेपर्यंत किती वेळ गेला ते कुणी मोजलं नाही. मला तो फार लांब वाटला.

दिवसभर सगळे म्हणत होते, आईंना वास आला म्हणून वाचलो. ते पूर्ण खरं नाही. आई जाग्या होत्या म्हणून त्यांना वास आला. झोपेत नाक जवळजवळ बंद असतं. वासानं माणूस खात्रीनं जागा होत नाही, उलट धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडनं झोप आणखी गाढ होते. त्या वायूला स्वतःचा वास नसतो. काल गुडघे दुखले नसते तर काय, हा विचार मी कागदावर पुढे लिहीत नाही.

आजपासून ही वही फक्त ह्या कामासाठी.

२१ जानेवारी, रविवार

घराची पाहणी केली. थोरलीनं शाळेच्या आलेखाच्या वहीत नकाशा काढला. घर मंगळवार पेठेत, बोळाच्या आत. खालच्या भिंती माती-विटांच्या, त्यावर लाकडी तुळया आणि फळ्यांची पाटणी, माडीवर कौलं. बाहेरून आत येताना क्रम असा: दरवाजा, सोपा, माजघर, स्वयंपाकघर, मागं परडं. माजघरातूनच अरुंद लाकडी जिना माडीवर जातो. माडीवर दोन खोल्या, एक आमची, एक मुलांची.

नकाशावर प्रत्येक माणसापासून बाहेर जायच्या दोन वाटा काढायच्या असं ठरवलं होतं. खालच्यांना दोन निघाल्या: पुढचा दरवाजा आणि परड्यातून मागच्या बोळात उघडणारं दार. पण मागच्या दारापुढं मोडकी सायकल, दोन पिंपं, सरपण आणि भरलेला जादा सिलिंडर. ते दार शेवटचं कधी उघडलं हे कुणालाच आठवेना.

माडीवरच्या चौघांना एकच वाट, जिना. आणि तो जिना माजघरातून वर जातो, म्हणजे खाली पेटलं तर सगळा धूर आधी जिन्यातूनच चढणार. घराचं धुराडंच ते. माडीच्या दोन्ही खिडक्यांना भिंतीत गाडलेले गज. मी आणि थोरली नकाशाकडं बघत बसलो. तिनं पेन्सिलीनं खिडकीवर फुली मारली, मग खोडली, मग विचारलं, "आई, मग आम्ही कुठनं जायचं?"

ह्या प्रश्नाचं उत्तर हाच माझा प्रकल्प.

४ फेब्रुवारी, रविवार

वायरमन येऊन गेला. त्यानं हीटरचं गणित मांडून दाखवलं, ते मलाच आधी सुचायला हवं होतं. हीटर २००० वॅटचा, दाब २३० व्होल्ट, म्हणजे प्रवाह जवळजवळ ८.७ अँपिअर. बोर्ड ६ अँपिअरचा. त्यात वायर गुंडाळलेली, उष्णता बाहेर पडायला जागा नाही, वरून गोधडी.

फ्यूजमध्ये कुणीतरी कधीतरी जाड तार घातली होती. ती जळणार कशी? सगळं काढून एमसीबी, म्हणजे फ्यूजऐवजी आपोआप पडणारे स्विच, बसवले आणि विजेची गळती ओळखणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी घेतला. इथं एक गैरसमज माझाही होता. आरसीसीबी गळतीवर पडतो, जास्त भारावर नाही. भारासाठी एमसीबीच लागतो. दोन्ही हवेत.

हीटर, इस्त्री आणि गीझर ह्यापुढं भिंतीतल्या १६ अँपिअरच्या सॉकेटवरच. एक्स्टेन्शन बोर्ड फक्त मोबाइल आणि टेबललॅम्पसाठी.

११ फेब्रुवारी, रविवार

धुराची घंटा कोणती घ्यायची ह्यावर आठवडा घालवला. मुख्य प्रकार दोन. एकात अमेरिशिअम-२४१ ह्या किरणोत्सारी पदार्थाचा अगदी सूक्ष्म कण असतो. तो आतली हवा आयनीभूत करतो आणि धूर शिरला की प्रवाह घटतो. भडकलेल्या आगीला हा प्रकार लवकर ओळखतो. दुसरा प्रकाशावर चालतो. काळ्या डबीत एक अवरक्त दिवा आणि एक संवेदक, पण दोघं समोरासमोर नाहीत, तिरपे. स्वच्छ हवेत दिव्याचा प्रकाश संवेदकावर पडतच नाही. धुराचे कण आले की प्रकाश विखुरतो आणि तो संवेदकाला दिसतो. वर्गात टिंडल परिणाम शिकवताना मी कवडशातली धूळ दाखवते, तेच तत्त्व.

धुमसणाऱ्या आगीचा धूर जाड कणांचा असतो आणि तो हा दुसरा प्रकार आधी पकडतो. आमच्याकडं काय झालं ते डोळ्यांपुढं असताना निवड अवघड नव्हती. गाद्या, गोधड्या, कापूस, लाकूड, ह्या घरात धुमसणारंच जास्त.

तीन नग पुण्याहून मागवले. अट एकच ठेवली, की ते बिनतारी एकमेकांना जोडलेले असावेत: एक वाजला की तिन्ही वाजावेत. बॅटरी आतच सीलबंद, दहा वर्षांची. दहा वर्षांनी घंटाच बदलायची असते, कारण आतला संवेदक म्हातारा होतो.

१८ फेब्रुवारी, रविवार

बसवल्या. एक माजघरात, जिन्याच्या पायथ्याजवळ. एक जिन्याच्या डोक्यावर. एक मुलांच्या खोलीत.

धूर वर चढून पसरतो म्हणून घंटा छतालाच हवी, पण भिंत आणि छत जिथं मिळतात त्या कोपऱ्यात नको, तिथं हवा हलत नाही. माजघरात तुळईच्या खालच्या अंगाला लावली. मुलांच्या खोलीत कौलांखाली प्लायचं तिरपं छत आहे, तिथं आढ्याच्या अगदी टोकाला न लावता थोडी खाली घेतली. पंख्याच्या झोतातून बाजूला ठेवली. ह्यांनी ड्रिल धरलं, मी खुर्ची. जुन्या सागवानात स्क्रू शिरता शिरेना.

प्रत्येकीवर मार्करनं तारीख लिहिली: "बसवली १८-२-२०२४". आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बटण दाबून बघायचं. ते काम धाकट्याचं. त्याच्या हातात लांब काठी दिली आहे.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

नऊ दिवसांत सहा खोटे गजर. चार फोडणीचे, एक पोळी करपली तेव्हा, एक शनिवारी आईंनी धूप घातला तेव्हा. सहाव्या वेळी मी शाळेत होते. घरी आले तर माजघरातली घंटा जागेवर नाही. टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवली होती. आईंनी ठेवली नव्हती, ह्यांनी ठेवली होती.

मी रागावले. मग रात्री विचार केला की दोष त्यांचा नाही. जी घंटा रोज जेवणाच्या वेळी उगाच ओरडते, ती कुठल्याही घरात कपाटातच जाणार. चूक जागेची होती. मापलं तर घंटा आणि शेगडी ह्यांच्यात अडीच मीटरसुद्धा अंतर नव्हतं. किमान तीन मीटर हवं. घंटा जिन्याच्या पलीकडच्या तुळईवर नेली, आता अंतर साडेचार मीटर. स्वयंपाकघराचं दार फोडणीच्या वेळी लोटून घ्यायचं आणि परड्याकडची खिडकी उघडायची. धूप आई आता सोप्यात घालतात, उंबऱ्याशी. त्यांनीच सुचवलं.

आणि घंटेवरचं गप्प करायचं बटण सगळ्यांना दाखवलं. ते दाबलं की ती काही मिनिटं शांत होते आणि आपोआप पुन्हा कामाला लागते. काढून ठेवायची गरजच नाही.

३ मार्च, रविवार

आवाजाची चाचणी. ह्या नोंदीनं मला सगळ्यात जास्त शिकवलं.

डबीवर लिहिलंय, तीन मीटरवर ८५ डेसिबल. फोनमधल्या आवाज मोजणाऱ्या ॲपवर माझा फार विश्वास नाही, पण एका जागेची दुसरीशी तुलना करायला तो चालतो. माजघरात तीन मीटरवर ८४. तोच आवाज माडीवर आमच्या खोलीत, दार उघडं असताना ५९, दार लावल्यावर ४७. एवढा आवाज आमचा पंखाच करतो. म्हणजे एकच घंटा घेऊन माजघरात लावली असती तर आम्ही झोपून राहिलो असतो. जोडलेल्या घंटांचे पैसे आज वसूल झाले.

मग अण्णा. यंत्र काढून त्यांना खुर्चीत बसवलं आणि घंटा हातभर अंतरावर वाजवली. आम्ही सगळ्यांनी कानावर हात ठेवले. अण्णा म्हणाले, "लांब कुठंतरी किणकिणतंय. देवळात का?" वयानं आधी उंच पट्टीचे आवाज जातात, आणि ह्या घंटांची पट्टी साधारण ३००० हर्ट्झची. बरोबर तीच पट्टी त्यांच्या कानातून गेलेली आहे.

रात्री पावणेबाराला मुलं गाढ झोपल्यावर मी बटण दाबलं. थोरली दचकून उठली. धाकटा कूस बदलून झोपला. मी पूर्ण एक मिनिट वाजू दिलं. त्याच्या डोक्यावर अडीच मीटरवर ते कर्णकर्कश चाललेलं आणि पोरगं शांत. मग मी घंटा बंद करून साध्या आवाजात त्याचं नाव घेतलं. दुसऱ्या हाकेला उठून बसला.

लहान मुलांची झोप अशी असते. खालच्या पट्टीचा, ५२० हर्ट्झच्या आसपासचा आवाज मुलांना आणि कमी ऐकू येणाऱ्यांना जास्त चांगला उठवतो, पण तसली घंटा मला इथं मिळाली नाही. त्यामुळं आराखड्यात लिहून टाकलं: धाकटा आपण होऊन उठेल असं धरायचं नाही. थोरली उठली की पहिलं काम त्याला हलवून, नावानं हाक मारून उठवणं. अण्णांना उठवणं आईंकडं. आई गावाला गेल्या तर हे खाली झोपतील, अपवाद नाही.

१० मार्च, रविवार

अण्णांचा पलंग माजघरातून सोप्यात हलवायचा विषय काढला. सोप्यातून बाहेरचं दार चार पावलांवर आहे. अण्णा नाही म्हणाले. माजघर उबदार, देवघर समोर, आणि ह्याच जागी ते चाळीस वर्षं झोपतात.

मी जोर केला नाही. संध्याकाळी चहा घेताना ते आपणहून बोलले. लहानपणी गावाकडं शेजारच्यांच्या गोठ्याला आग लागली होती. गुरांचे दोर कापायला एक जण आत गेला आणि आगीनं न भाजताच, धुरानं पडला. "त्याला ओढून काढला तेव्हा अंगावर फोडसुद्धा नव्हता," ते म्हणाले. नंतर बराच वेळ गप्प. मग, "पलंग दोघांना उचलंल का? लोखंडी आहे."

रात्री साडेआठला पलंग सोप्यात गेला. आईंची खाट शेजारी. देवघरातली तसबीर अण्णांनी समोरच्या भिंतीवर लावून घेतली. चौथी घंटा मागवली, सोप्यासाठी.

१७ मार्च, रविवार

दरवाजा. कुलूप गेलं. अडसर उचलायला धाकट्याची ताकद पुरत नाही म्हणून तोही गेला. त्याऐवजी आतून नुसत्या मुठीनं फिरणारं लॅच आणि वर एक कडी, धाकट्याचा हात पोचेल अशा उंचीवर. बाहेरून किल्ली लागते, आतून लागत नाही.

आईंना चोरांची काळजी वाटते आणि ती खोटी नाही. पण चोर बाहेरून येतो. बाहेरच्याला अडवणारं आणि आतल्याला न अडवणारं दार करता येतं, हे त्यांना पटायला चार दिवस लागले. जुडगा अजून कमरेला आहे, त्यात आता कपाटांच्या किल्ल्या आहेत.

परड्याचं दार मोकळं केलं. बिजागऱ्यांना तेल. सायकल भंगारात.

३१ मार्च, रविवार

खिडकी झाली. थोरलीच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

मुलांच्या खोलीची खिडकी शेजारच्या काकूंच्या गच्चीवर उघडते. गच्ची खिडकीच्या चौकटीपासून साडेतीन फूट खाली, मधे फट जेमतेम वीतभर. इतकी वर्षं गजांतून आम्ही तिथं वाळत घातलेले पापड बघत होतो. वेल्डिंगवाल्यानं जुने गज कापून लोखंडी चौकट बसवली आणि बाहेरच्या अंगाला उघडणारी ग्रिलची झडप केली. आतून खिट्टी ओढली की उघडते. बाहेरून हात घालून खिट्टीपर्यंत पोचता येऊ नये म्हणून तिच्याभोवती पत्र्याची पेटी केली आहे. तो कुलपासाठी कोयंडा लावून देत होता, मी काढायला लावला. कोयंडा असला की कधीतरी कुणीतरी कुलूप अडकवणारच.

काकूंना विचारायला पेढे घेऊन गेले होते. त्यांनी विचारलं, "रात्री-अपरात्री पोरं गच्चीवर आली तर आमचं दार कोण उघडणार?" मग म्हणाल्या, "आमच्याकडं आग लागली तर आम्ही तुमच्या खिडकीतनं येऊ का?" हा विचार मी केलाच नव्हता. त्यांच्या गच्चीच्या दाराची एक किल्ली आता आमच्या खिडकीशेजारी खिळ्याला आहे, आणि आमच्या झडपेला बाहेरून दोन वेळा जोरात ठोकायची खूण ठरली आहे.

जिन्याच्या डोक्यावर पूर्वी चोरांच्या भीतीनं बसवलेली लाकडी झडप आहे, पाटणीच्या पातळीत आडवी पडणारी. वीस वर्षांपूर्वी ती खिळे मारून उघडीच ठेवली होती. खिळे काढले. रात्री ती उघडीच राहील, म्हणजे खालचा आवाज वर येईल. पण घंटा वाजल्यावर जिन्यात धूर दिसला तर कुणीही खाली उतरायचं नाही. झडप पाडायची, फटींवर चादरी टाकायच्या, मुलांच्या खोलीत जाऊन दार लावायचं आणि खिडकीतून गच्चीवर. बंद दार धुराला बराच वेळ थोपवतं, साधं लाकडी दारसुद्धा. दार उघडण्याआधी हाताच्या मागच्या बाजूनं चाचपायचं, गरम लागलं तर उघडायचं नाही.

१४ एप्रिल, रविवार

आज अग्निशमन दिन. १९४४ साली ह्याच तारखेला मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ बोटीचा स्फोट झाला आणि ६६ अग्निशामक जवान कामावर असताना गेले. आज त्याला ८० वर्षं झाली. बोटीत दारूगोळा होता हे सगळ्यांना माहीत असतं. पण सुरुवात कापसाच्या गाठींतून झाली. दुपारी दोनच्या आसपास धूर दिसला आणि चारनंतर स्फोट झाला. तोवर कापूस आतल्या आत धुमसत होता. मुलांना हे सांगितलं तेव्हा धाकटा म्हणाला, "अण्णांच्या गोधडीसारखं." हो, तसंच.

संध्याकाळी मोजपट्टी घेऊन बोळ मापला. तोंडाशी नऊ फूट, विजेच्या खांबापाशी सहा फूट आठ इंच. बंबाची रुंदी आठ फुटांच्या घरात असते. बंब आमच्या दारापर्यंत येऊच शकत नाही. तो रस्त्यावर थांबणार आणि जवानांना पाइप ओढत आणावा लागणार. खांबापाशी दुचाक्या लावतात, त्या शेजाऱ्यांना समोरच्या बाजूला लावायला सांगितल्या. दोघांनी ऐकलं, एकानं अजून नाही.

सोप्यात दाराजवळ कागद लावला: १०१ अग्निशामक, ११२ कुठलीही आपत्ती, १९०६ गॅसगळती. खाली आमचा पूर्ण पत्ता आणि ठळक खूण, जशी फोनवर सांगायची तशी. घाबरल्यावर माणसाला स्वतःचा पत्ता नीट सांगता येत नाही. फोन बाहेर पडल्यावरच करायचा, आत उभं राहून नाही.

५ मे, रविवार

पहिली तालीम. सगळ्यांना वेळ आधी सांगितली होती, दिवसाउजेडी, तरी चार मिनिटं दहा सेकंद लागली. जमायची जागा बोळाच्या तोंडाचा मारुतीच्या देवळाचा कट्टा.

वेळ कुठं गेला: थोरली चष्म्यासाठी परत वळली. आईंनी देवांचा डबा घेतला. ह्यांनी फोन शोधला. मी स्वतः गॅस बंद आहे ना ते बघायला स्वयंपाकघरात गेले. मी. ज्या घरात फोमच्या गाद्या आणि सिंथेटिक पडदे आहेत तिथं पेटलेली खोली तीन-चार मिनिटांत पूर्ण आगीच्या तोंडी जाऊ शकते. त्या हिशेबानं आज आम्ही सगळे आतच होतो.

अण्णा मात्र आईंबरोबर सर्वांत आधी कट्ट्यावर पोचले होते. आम्ही गेलो तर उभे राहून बोटानं मोजत होते. अण्णांनी एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर म्हणून काढली. मधल्या स्टँडवर गाडी थांबली की माणसं मोजल्याशिवाय त्यांनी डबल बेल दिली नाही. "सहा. चला, भरली," ते म्हणाले. आराखड्यात मोजणारा माणूस ठरवायचा राहिलाच होता. तो आता ठरला.

चष्मा आता थोरलीच्या खाटेला पिशवीत टांगलेला असतो, अण्णांची यंत्राची डबी त्यांच्या उशाशी दोरीनं बांधलेली. देवांच्या डब्याबद्दल आई म्हणाल्या, "देव आपली काळजी घेतील, मी तुझ्या अण्णांची घेते."

दुसरी तालीम लगेच घेतली. एक मिनिट पंचावन्न.

२६ मे, रविवार

स्वयंपाकघर. इथं धुराची घंटा चालत नाही म्हणून तापमानावर वाजणारी लावली, साधारण ५७ अंशांना वाजणारी. वाफेनं, फोडणीनं ती हलत नाही. तीही बाकीच्यांना जोडली.

गॅसगळतीची घंटा वेगळी, आणि तिची जागा उलटी. एलपीजी हवेपेक्षा जड, खाली साचतो. म्हणून ती जमिनीपासून वीत-दीड वीत उंचीवर, सिलिंडरच्या बाजूच्या भिंतीला. हवेत दोन टक्क्यांच्या आसपास गॅस मिसळला की ठिणगी पुरते. वास आला तर: कुठलंही बटण दाबायचं नाही, चालू करायचं नाही आणि बंदही करायचं नाही, कारण दोन्हींत ठिणगी पडते. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, सगळे बाहेर, बाहेरून १९०६. रबरी नळीवरचं वर्ष बघितलं तर मुदत उलटून गेलेली. पाच वर्षांनी बदलायची असते. नवी आणली.

तेलाची कढई पेटली तर काय, हे आईंना विचारलं. त्या म्हणाल्या, पाणी. मग समजावून सांगितलं की पाणी तेलाच्या खाली जातं, क्षणात वाफ होतं, आणि पाण्याची वाफ जागा घेते सतराशे पट. ती पेटतं तेल छतापर्यंत उडवते. गॅस बंद करायचा, कढईवर मोठं ताट बाजूनं सरकवून झाकायचं आणि कढई हलवायची नाही. गार होईपर्यंत ताट उचलायचं नाही. शेगडीशेजारी आता एक ॲल्युमिनिअमची परात कायम उभी असते.

एबीसी पावडरचा, म्हणजे लाकूड-कापड, पेटते द्रव आणि गॅस अशा तिन्ही आगींना चालणारा, दोन किलोचा अग्निशामक सोप्यात, दाराशी. स्वयंपाकघरात ठेवला तर आगीतून हात घालून घ्यावा लागेल. पिन ओढा, नळी आगीच्या बुडाकडं, दाबा, डावी-उजवीकडं फिरवा. हे आम्ही दोघांनीच करायचं, पाठ दाराकडं ठेवून, आणि आग कचऱ्याच्या बादलीएवढी असेल तोवरच. पावडर थोडेच सेकंद पुरते. त्यापुढं सोडून द्यायचं.

२४ जुलै, बुधवार

चार दिवस पावसाची झड. रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी सगळ्या घंटा एकदम. वीज गेलेली, मिट्ट काळोख. आम्ही उठलो, जिन्यात बॅटरीचा उजेड टाकला, धूर नाही, वास नाही. तरी ठरल्याप्रमाणं खाली उतरून बाहेर गेलो. पावसात, छत्र्यांशिवाय. अण्णांनी कट्ट्यावर मोजलं, सहा. दोन मिनिटं पाच सेकंद. थोरलीनं धाकट्याला उठवलं होतं, कुणी सांगितलं नव्हतं.

जिन्याच्या डोक्यावरची घंटा उघडली तर जाळीत पंखवाली वाळवी. पावसात उजेडाकडं येणारी. किड्यानंही प्रकाश विखुरतोच. मऊ ब्रशनं साफ केली. पावसाळ्यात दर महिन्याला ब्रश मारायचा, हे धाकट्याच्या काठीच्या कामात जोडलं. सकाळी सगळे शिंकत होते. कुणीही तक्रार केली नाही.

७ सप्टेंबर, शनिवार

गणपती बसले. मंडळाचा मांडव बोळाच्या तोंडाशी, आणि मारुतीचा कट्टा मांडवाच्या आत. दहा दिवस जमायची जागा बदलून समोरच्या किराणा दुकानाची पायरी. मंडळाच्या मुलांशी बोलले. त्यांनी एका बाजूला चार फुटांची वाट सोडली, कनातीला पडदा न शिवता गाठी मारल्या आणि जनरेटर मांडवापासून लांब नेला. आमच्या घरच्या मखरात यंदा थर्माकोल नाही. तो पेटला की काळा, विषारी धूर सोडतो. समई काचेच्या गोलात.

३ नोव्हेंबर, रविवार

भाऊबीज. वन्सं आणि त्यांची दोन मुलं परवापासून आहेत. माडीवर गाद्या घालून सहा जण झोपलो, खाली वन्सं आईंजवळ. घरात नऊ माणसं.

संध्याकाळी ओवाळून झाल्यावर मी न सांगता बटण दाबलं. गंधाक्षतांसकट सगळे उठले. माडीवरची मुलं खिडकीतून काकूंच्या गच्चीवर, बाकीचे दारातून. पाहुण्यांना मी पहिल्याच दिवशी घर दाखवायला हवं होतं, ते राहिलं होतं, त्यामुळं मलाच धास्ती होती.

कट्ट्यावर अण्णा मोजायला उभे. थोरली गच्चीवरून काकूंच्या जिन्यानं मुलांना घेऊन आली. मी घड्याळ बंद करणार तेवढ्यात अण्णांनी हात वर केला. "आठ." पुन्हा मोजलं. "आठच. एक आत आहे." वन्संचा मोठा मुलगा नव्हता. ह्यांनी घराकडं पाऊल टाकलं तर अण्णांनी दंड धरला. "आत जायचं नाही. बंबवाल्यांना सांगायचं, माडीवर एक जण." दीड मिनिटानं तो दारातून आला. हातात मोबाइल आणि चार्जर.

कुणी त्याला बोललं नाही. अण्णांनी त्याला शेजारी बसवलं आणि बोटं धरून नऊपर्यंत मोजायला लावलं, मग म्हणाले, "आता भरली."

नोंद: पाहुणा आला की पहिल्या संध्याकाळी, चहाच्या आधी, दोन्ही वाटा आणि कट्टा दाखवायचा. पुढची तालीम १ डिसेंबर, पहाटे. हीटर माळ्यावरून काढायच्या आधी त्याची पिन तपासायची आहे, वायरमनला शनिवारी बोलावलंय.